दाराशी आलेली ताई मोबाइलमध्ये काय भरते?

पुण्यात राहत असाल, तर हे तुमच्या दारात कधी ना कधी घडलं असणार. बेल वाजते. बाहेर गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी आणि हातात मोबाइल घेतलेली ताई उभी असते. घरात किती माणसं, कुणाला ताप आहे का, पाच वर्षांखालचं मूल आहे का, तीस वर्षांवरच्या कुणाचं बीपी-शुगर तपासायचं राहिलंय का, असं विचारत ती स्क्रीनवर बोट फिरवत जाते आणि थोड्या वेळात शेजारच्या दाराकडे वळते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत अशी पथकं राज्यभर घरोघर फिरली, ताप आणि ऑक्सिजन मोजून गेली. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा ती पिंपा-कुंड्यांत साचलेलं पाणी बघायला आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही आरोग्य खात्याची माणसं दारोदार गेली.

आपण उत्तरं देतो आणि दार लावून घेतो. त्या उत्तरांचं पुढे काय होतं, ती मोबाइलमध्ये कशी साठतात, चुकली तर कुणाला कळतं, कुणाच्या हाती पडतात, याबद्दल आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. मी असे फॉर्म तयार करण्याच्या आणि ते भरणाऱ्या ताईंना शिकवण्याच्या कामात असते. त्यामुळे हे सगळं सोपं करून सांगावंसं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकते. मोबाइलवरची नोंद ज्या घरातून येते, आधी त्या घराच्या आणि ती भरणाऱ्या ताईच्या कामी आली पाहिजे, मग कार्यालयाच्या. क्रम उलटा झाला की माहिती तर बिघडतेच, शिवाय माणसंही दुरावतात.

कागदाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुणे शहराची घरोघर जाऊन केलेली पहिली मोठी सामाजिक-आर्थिक पाहणी धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे १९३६-३७ मध्ये केली, ती कागदावरच. आजही कित्येक आशाताईंची नोंदवही इतकी नेटकी असते की बघत राहावं. कागदाची अडचण वेळेची आहे. वहीतली नोंद महिनाअखेरीला बेरीज होऊन उपकेंद्रात जाते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला. प्रत्येक टप्प्यावर नावं गळतात आणि आकडे उरतात. ‘या महिन्यात पाच गरोदर माता जोखमीच्या’ एवढंच वर पोचतं. त्या पाच जणी कोण, हे फक्त वहीला माहीत. शिवाय एखादा आकडा चुकीचा पडला, तर ते कळेपर्यंत महिना उलटलेला असतो आणि ते घर आता कुणाला आठवतही नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारखं प्रचंड काम २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून कागद सोडून छोट्या संगणकावर आलं, त्याचं मोठं कारण हेच. चूक दारातच पकडता आली, तर ती तिथेच विचारून दुरुस्त करता येते.

फॉर्मच्या पोटात काय असतं

मोबाइलवरचा फॉर्म म्हणजे कागदाच्या फॉर्मचा फोटो नव्हे. त्याच्या आत नियम लिहिलेले असतात. पहिला नियम कुठला प्रश्न कुणाला विचारायचा याचा. घरातल्या माणसाची नोंद ‘पुरुष, वय ६२’ अशी झाली, की पाळीचे आणि गरोदरपणाचे प्रश्न त्याच्या पानावर येतच नाहीत. ‘खोकला आहे’ असं उत्तर आलं, तरच ‘किती दिवसांपासून’ हा प्रश्न उघडतो, आणि दोन आठवडे किंवा जास्त म्हटलं तर थुंकीच्या तपासणीची सूचना समोर येते. क्षयरोगाचा संशय घेण्याची पहिली खूण तीच. कागदावर हे सगळं ‘उत्तर नाही असल्यास प्रश्न १७ वर जा’ अशा ओळींनी भरलेलं असायचं आणि उन्हात उभ्याउभ्या त्या ओळी वाचणं कुणालाही जड जातं.

दुसरा नियम मर्यादेचा. येरवड्याच्या एका वस्तीतली भेट डोळ्यांसमोर आणा. बाळ चौदा दिवसांचं. आशाताई झोळीचा काटा हातात धरून त्याला उचलते, बाळ पाय आखडून घेतं, काटा हलत राहतो. आजी म्हणते, “अगं, खाली धर जरा, पडेल ते.” काटा दोन किलो तीनशेवर थांबतो. ताई टाइप करते २३. दशांशाचा टिंब राहिला. फॉर्म पुढे सरकत नाही, ‘वजन पुन्हा पाहा’ म्हणतो. ती टिंब देते, २.३ होतं, आणि लगेच दुसरी सूचना येते की अडीच किलोच्या खालचं वजन, अंगाला अंग लावून ऊब द्या, स्तनपान नीट होतंय का पाहा, जादा भेट ठरवा. नंतर श्वास मोजायचे. फोनमध्ये एक मिनिटाचं घड्याळ सुरू होतं, बाळाची छाती वर आली की दरवेळी बोटाने स्क्रीनला स्पर्श. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले, तर ते धोक्याचं लक्षण, दवाखान्यात पाठवायचं. या सगळ्यात ताईचं शिक्षण, अनुभव, नजर यांची जागा फोन घेत नाही. पण सहावं घर करताना थकलेल्या माणसाच्या हातून जे सुटू शकतं ते सुटू देत नाही.

मर्यादा घालताना मात्र डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. काही मर्यादा पक्क्या हव्यात. नवजात बाळाचं वजन तेवीस किलो असूच शकत नाही. काही मर्यादा नुसत्या विचारणाऱ्या हव्यात. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ५ आलं, तर फॉर्मने ‘हे खरं आहे का’ एवढंच विचारावं आणि हो म्हटलं की स्वीकारावं, कारण ५ खरंच असू शकतं आणि तिलाच तातडीने उपचार हवे असतात. कार्यालयात बसून कुणी ‘७ ते १६’ अशी पक्की मर्यादा घालतो, आणि मग दारात उभी असलेली ताई फॉर्म पुढे जावा म्हणून ७ भरते. सर्वांत आजारी बाई तिथेच कागदोपत्री बरी होऊन जाते.

वयाची गोष्ट तर वेगळीच. आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर ‘१ जून’ जन्मतारीख असलेली माणसं महाराष्ट्रात घराघरात आहेत, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. फॉर्म तारीख मागतो, तारीख मिळते, पण ती खरी नसते. जुन्या बायकांकडे तर तीही नसते. तेव्हा अनुभवी ताई वेगळ्या वाटेने जाते.

“आजी, पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?”

“मी? आईच्या कडेवर गं. आई सांगायची, मला कडेवर घेऊनच पळाली होती.”

पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. कडेवरचं मूल, म्हणजे जन्म १९५९-६० चा. आजी पासष्टीच्या आसपास. पाहणी करणारे लोक यासाठी स्थानिक घटनांची यादीच जवळ ठेवतात. पुणे जिल्ह्यासाठी पानशेत, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. चांगल्या फॉर्ममध्ये ही यादी आत भरलेली असते आणि ‘तारीख माहीत नाही, अंदाजे वर्ष’ असा पर्यायही असतो. तो पर्याय नसेल, तर सगळ्या आज्या ६० नाहीतर ६५ वर्षांच्या होतात. वयाच्या आकड्यात शून्य आणि पाच यांची अशी गर्दी किती आहे, हे मोजायची लोकसंख्याशास्त्रात ठरलेली पद्धत आहे. ती वापरली की पाहणी किती काळजीने झाली याचा लगेच अंदाज येतो.

घर कुठलं आणि कुणाचं

घरोघर जायचं म्हटलं, की आधी घर म्हणजे काय ते ठरवावं लागतं. पाहण्यांमध्ये साधारण एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब असं धरतात. कसब्यातल्या जुन्या वाड्यात एकाच दिंडीदरवाज्याच्या आत तीन भाऊ, दोन भाडेकरू आणि एकटी राहणारी आत्या असेल, तर ती सहा कुटुंबं होऊ शकतात. धाकटा भाऊ थोरल्याकडे जेवत असेल, तर पाच. ताईने दारावर एकदाच टकटक करून ‘एक घर’ लिहिलं, तर बाकीची माणसं त्या वर्षभर कुठल्याच यादीत नसतात.

पत्त्याचीही तीच तऱ्हा. पेठांमध्ये जुने घरक्रमांक चालतात, उपनगरांत सर्व्हे नंबर, सोसायट्यांत इमारत आणि फ्लॅट, तर पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीत ‘गणपती मंदिराच्या वरच्या अंगाला, निळं दार’. मग सगळे म्हणतात, फोनमध्ये जीपीएस आहे ना, लावा खूण. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत अचूक असतं. अरुंद बोळात, पत्र्याखाली, दोन्ही बाजूंना तीन मजली भिंती असताना ते वीस-तीस मीटरने सहज चुकतं, आणि वस्तीत वीस मीटर म्हणजे पाच-सहा घरं. शिवाय ते मजला सांगत नाही. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर चार अंक ठेवले, तर जागा सुमारे अकरा मीटरच्या आत ठरते. त्याहून जास्त अंक लिहून आले, तरी ती अचूकता खरी असेलच असं नाही. म्हणून जीपीएस वस्ती शोधायला, नकाशावर रुग्ण कुठे दाटलेत ते बघायला फार उपयोगी. घर ओळखायला मात्र घराला दिलेला क्रमांक, दारावरची खूण आणि ‘निळं दार’ हीच नोंद लागते. मी शिकवताना सांगते, खुणेचा रकाना कधी रिकामा ठेवू नका. उद्या तुम्ही रजेवर असाल आणि दुसऱ्या ताईला जावं लागेल.

नकाशाचा उपयोग गुलेन-बारीच्या वेळी पुण्याने पाहिला. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, अशक्तपणा बहुतेकदा पायांपासून सुरू होऊन वर चढतो आणि काही रुग्णांना श्वासासाठी यंत्र लागतं. बऱ्याचदा त्याआधी पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि रुग्ण सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात दाटलेले दिसल्यावर लक्ष पाण्याकडे वळलं. अशा वेळी घरोघर फिरणाऱ्या पथकाच्या फॉर्ममध्ये ‘पिण्याचं पाणी कुठून’ हा प्रश्न असणं आणि त्याला ‘नळ’ या एका शब्दापेक्षा नेमके पर्याय असणं फार मोलाचं ठरतं. नळाला पालिकेचं पाणी येतं, विहिरीचं, की टँकरचं? की आरओचा जार आहे? नळ सगळ्यांकडेच असतो.

रेंज नाही तिथे

राजगड तालुक्यात, म्हणजे जुन्या वेल्ह्यात, किंवा मुळशी-भोरच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांवर फोनला रेंज नसते. हे फॉर्म त्या परिस्थितीसाठीच बनवलेले असतात. नोंद आधी फोनमध्येच साठते आणि रेंजमध्ये आल्यावर वर जाते, याला सगळ्याजणी ‘सिंक मारणं’ म्हणतात. यात एक जुनी अडचण होती. दोन ताई दोन डोंगरांवर, दोघींचे फोन रेंजबाहेर, दोघींनी ‘कुटुंब क्रमांक ४१’ दिला तर? म्हणून फोन स्वतःच प्रत्येक नोंदीला अंक आणि अक्षरांची लांबलचक ओळख देतो. ती इतकी लांब आणि इतकी यादृच्छिक असते की दुसऱ्या फोनवर तीच निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य. ती ओळख माणसांना वाचायची नसते, यंत्राला नोंदी वेगळ्या ठेवायला लागते.

अशी साधनं बनवायला मोठी कंपनीच लागते असं नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ च्या सुमारास सुरू झालेलं ओडीके हे साधन मुक्त आणि मोफत आहे, त्याच धर्तीवर कोबो टूलबॉक्स चालतं. एक्सेलच्या पानावर एका रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात त्याचा प्रकार, तिसऱ्यात मर्यादा, चौथ्यात ‘हा प्रश्न केव्हा दाखवायचा’ असं लिहिलं, की त्याचा फॉर्म तयार होतो. मराठीसाठी वेगळा रकाना करता येतो. पुण्यातली एखादी छोटी संस्था, महाविद्यालयाचा समाजकार्य विभाग हे आठवडाभरात शिकू शकतो. कॉमकेअर नावाचं साधन त्याच त्या घरांना पुन्हा भेटी देण्याच्या कामासाठी मुद्दाम घडवलेलं आहे, आणि ऑस्लो विद्यापीठात वाढलेलं डीएचआयएस-टू गोळा झालेल्या आकड्यांची मांडणी करायला अनेक देश वापरतात. सरकारी बाजूला क्षयरोगासाठी २०१२ पासून निक्षय, एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरांसाठी २०१६ पासून अनमोल, अंगणवाडीसाठी २०२१ पासून पोषण ट्रॅकर.

एकदा जाणं आणि पुन्हा जाणं

इथे या विषयाचा गाभा आहे, आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. पाहणी वेगळी, पाठपुरावा वेगळा. पाहणीत निवडक घरांत एकदा जायचं, नाव विसरून आकडे काढायचे. शहरात किती जणांना रक्तदाब आहे हे त्यातून कळतं. पाठपुराव्यात त्याच माणसाकडे पुन्हा जायचं असतं, त्यामुळे नाव विसरून चालत नाही. पाहणीसाठी बनवलेला फॉर्म पाठपुराव्याला वापरला, की ताई दर भेटीला तीच माहिती पहिल्यापासून भरत बसते आणि एकाच बाईच्या सहा वेगळ्या नोंदी तयार होतात.

नवजात बाळाच्या गृहभेटी घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. ही पद्धत देशाला दिली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात हे दाखवलं, आणि १९९९ मध्ये ते काम जगापुढे आलं. आता ताईकडे वेगवेगळ्या तारखांना जन्मलेली पाच बाळं आहेत. कुणाचा सातवा दिवस, कुणाचा एकविसावा. फोनने सकाळी फक्त एवढं सांगितलं की आज या दोन दारांशी जायचं आहे, तर त्या एका यादीने सगळ्या खर्चाचं सार्थक होतं. याला त्या ‘ड्यू लिस्ट’ म्हणतात. मी कुठलंही नवं ॲप पाहिलं की आधी हेच शोधते. यादी नसेल, नुसते रकानेच असतील, तर ते ॲप ताईसाठी बनलेलं नाही.

आता आपल्याकडची एक रीत यात घाला. पहिलं बाळंतपण माहेरी. येरवड्यात नोंदवलेली बाई सातव्या महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या माहेरी जाते, बाळंत तिथे होते, दीड-दोन महिन्यांनी बाळाला घेऊन परत येते. येरवड्याच्या ताईच्या फोनमध्ये तिची सातव्या-आठव्या-नवव्या महिन्याची भेट ‘राहिली’ म्हणून लाल दिसते. लातूरकडच्या ताईच्या यादीत ती अचानक कुठूनतरी उगवते. दोन्ही ताईंनी काम चोख केलं, आणि तरीही तिची गोष्ट मधोमध तुटली. नावावरून जुळवायला गेलं तर आणखी पंचाईत. आधार कार्ड माहेरच्या नावाने, सासरी आडनाव बदललेलं, काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. रोमन लिपीत ‘सुनीता’चं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं. म्हणूनच माता-बालकांच्या नोंदीत प्रत्येक गरोदर मातेला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायचा असतो. ते कार्ड माहेरी जाताना पिशवीत टाकायला सांगणं हे मोठमोठ्या यंत्रणांइतकंच उपयोगी काम आहे. आणि फॉर्ममध्ये ‘माहेरी गेली, गाव-तालुका-फोन’ असा स्वतंत्र पर्याय हवाच. ‘घरी नाही’ या एका पर्यायात माहेरी गेलेली, कामावर गेलेली आणि घर सोडून गेलेली, या तिघी एक होऊन जातात.

हे जमू शकतं याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत, लाखाहून अधिक लोकसंख्येत, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं वढू केंद्र २००२ पासून घरोघर फेऱ्या करून प्रत्येक जन्म, मृत्यू, कोण राहायला आलं, कोण निघून गेलं, याची नोंद ठेवतं. डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात वढूत उभ्या केलेल्या ग्रामीण आरोग्याच्या कामावर ते उभं आहे. तिथे माणूस हलला तर त्याची नोंद बंद होत नाही, ‘स्थलांतर’ म्हणून पुढे चालू राहते. पुण्याच्या भोवतालचा परिसर, जिथे कारखाने येतात, खोल्या भाड्याने जातात, दरवर्षी माणसं बदलतात, तिथे हे सांभाळणं किती चिकाटीचं काम आहे ते केलेल्यालाच कळतं.

कुलूप असलेलं दार

फॉर्ममधला सर्वांत दुर्लक्षित पर्याय म्हणजे ‘घर बंद’. त्याची किंमत आकड्यांत बघा. समजा एका वस्तीत ४०० घरं आहेत. ताई ३०० घरांत पोचल्या. तिथल्या १२० मुलांपैकी १०८ जणांना गोवराची लस मिळालेली. कार्यालयात ९० टक्के दिसतात, सगळे समाधानी. पण उरलेल्या १०० बंद घरांत ४० मुलं असतील आणि त्यातल्या २० जणांनाच लस मिळाली असेल, तर खरा टक्का ८० वर येतो. गोवर थोपवायला ९५ च्या आसपास लागतात. बंद घरात तसं का असावं? कारण ती घरं सहज म्हणून बंद नसतात. नवरा बांधकामावर, बायको धुण्याभांड्याला, दोघं सकाळी आठलाच बाहेर पडतात आणि मूल शेजारी किंवा सोबत साइटवर. ज्यांची दुपारच्या लसीकरणाला यायची सोय नाही, तीच दुपारच्या पाहणीतही सापडत नाहीत. म्हणून बंद घराला वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, किमान तीनदा जायचं, आणि तोवर ते यादीत उघडं ठेवायचं. पोलिओच्या मोहिमेने हे फार आधी, खडू आणि गेरूने केलं. घर पूर्ण झालं की दारावर एक खूण, कुणी मूल राहिलं तर दुसरी, आणि राहिलेल्या घरांना पुढच्या दिवसांत परत भेट. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं त्यात त्या परतभेटींचा वाटा फार मोठा आहे.

दुसऱ्या टोकाला बाणेर-बालेवाडीची उंच सोसायटी. तिथे घर बंद नसतं, फाटक बंद असतं. वॉचमन फोन लावतो, फ्लॅटमधून ‘नको’ येतं आणि एका नकारात दोनशे घरं यादीबाहेर जातात. डेंगीच्या अळ्या तर गच्चीवरच्या शोभेच्या कुंड्यांखालीही असतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवार सकाळची वेळ ठरवून दिली तर हे सुटतं.

नोंदी तपासायच्याही असतात, आणि त्याचे मार्ग आहेत. डिजिटल बीपी यंत्राच्या आकड्यात शेवटी ० ते ९ यांपैकी काहीही येऊ शकतं, प्रत्येकाचा वाटा साधारण दहावा. कुणाच्या नोंदींत अर्ध्याहून जास्त आकडे शून्याने संपत असतील, सगळे १२० बाय ८० आणि १३० बाय ८० असतील, तर यंत्र दंडाला लागलेलं नाही किंवा आकडे गोल केलेत. फॉर्मला किती वेळ लागला हेही फोन लिहून ठेवतो. पण इथे घाई करू नये. रात्री साडेनऊला ओळीने वीस फॉर्म भरलेले दिसले, म्हणून ताई खोटं लिहिते असा शिक्का मारणारे पर्यवेक्षक मी पाहिलेत. चौकशी केली की कळतं, दिवसभर फोन अडकत होता, तिने सगळं वहीत घेतलं आणि स्वयंपाक आटोपून भरलं. फोन जुना, साठवण भरलेली, आणि एकाच माहितीसाठी रजिस्टर एक, ॲप दुसरं, महिन्याचा तक्ता तिसरा. या दुहेरी-तिहेरी लिखाणाविषयी ताई वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. नवं ॲप आणणाऱ्याने कुठली वही बंद होणार, हे त्याच दिवशी लेखी सांगायला हवं.

कुणाच्या हाती जातं

घरोघर तपासणीची पुण्याला फार कडवट आठवण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या समितीने सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, रुग्ण शोधले, माणसं उचलून नेली. देवघरात, माजघरात बूट घालून शिरलेल्या त्या तपासणीने लोक इतके बिथरले की आजारी माणसं लपवू लागले. आरोग्याच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. जी नोंद भीतीने मिळते ती अपुरीच मिळते. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने गेल्या. घरात शिरण्याच्या या दोन्ही तऱ्हा एकाच शहराने एकाच साथीत पाहिल्या.

आज खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. साथीच्या काळात उपचारांसाठी माहिती वापरायला त्यात वेगळी मुभा आहे, पण ती मुभा यादी चव्हाट्यावर टाकायची नाही. एचआयव्हीबाधितांची ओळख उघड करायला तर २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने बंदी आहे. प्रत्यक्षात गळती कुठे होते? हॅकरपेक्षा व्हॉट्सॲपवर. ‘साहेबांना लगेच हवंय’ म्हणून रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर जातो, त्यात क्षयरुग्णांची नावं, पत्ते, फोन. ग्रुपमध्ये दीडशे माणसं. ते पान पुन्हा गोळा करता येत नाही. फॉर्म भरताना माहिती फोनमध्ये कुलूपबंद साठते, प्रत्येकीला स्वतःच्याच भागातली घरं दिसतात, हे सगळं त्या एका फोटोने वाया जातं. आणि गॅलरीत बसून शेजारी ऐकत असताना ‘पाळी कधी आली होती, आधी गर्भपात झालाय का’ हे विचारणं हीसुद्धा गळतीच. असे प्रश्न फॉर्मच्या शेवटी, आत बसून, बाई एकटी असताना विचारायचे.

तेव्हा पुढच्या वेळी ताई आली तर तिला ओळखपत्र दाखवायला सांगा, त्यात तिला काही वावगं वाटत नाही. कशासाठी विचारता, ही माहिती कुठे जाते, उत्तर दिलं नाही तर काही अडणार आहे का, हे विचारा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा, चांगल्या फॉर्ममध्ये ‘सांगायचं नाही’ हा पर्याय असतो आणि खोट्या उत्तरापेक्षा तो कितीतरी बरा. बीपी मोजलं तर आकडा तुमच्या कागदावर लिहून घ्या. घरकामाला येणाऱ्या मावशी, खोलीवर राहणारा भाचा, गावाहून आलेली आई, यांची नावं घ्यायला विसरू नका, कारण यादीतून सुटतात ती हीच माणसं. आणि दिवसभर घराला कुलूप असेल, तर तुम्ही घरी कधी असता तेवढं शेजाऱ्यांकडे सांगून ठेवा.